संडासावरचा आळ

“मॅडम, हे संडासातनं लागलं असंल का?”

असं विचारणाऱ्या माणसाला उत्तर ठरलेलं हवं असतं. आपण फक्त ‘हो’ म्हणायचं, बाकी त्याचं तो बघून घेतो. सोलापूरकडच्या एका सरकारी रुग्णालयात, सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे जुन्या भाषेत गुप्तरोगांच्या ओपीडीत, मी काही वर्षं समुपदेशक होते. एक टेबल, दोन खुर्च्या, प्लायवूडचं पार्टिशन आणि भिंतीवर निरोधचं पोस्टर एवढाच पसारा. त्या पार्टिशनआड हा प्रश्न हमखास यायचा. ट्रकवाल्यांचा संडास ढाब्यावरचा असायचा, कॉलेजातल्या पोरांचा होस्टेलवरचा, बायकांचा एसटी स्टँडवरचा, आणि क्वचित कुणी पॉलिश केलेल्या बुटांचे साहेब आले तर त्यांचा मुंबईतल्या हॉटेलातला. ज्याची जशी ऐपत तसा त्याचा संडास. (इथं लिहिताना माणसांचे तपशील मी मुद्दाम इकडचे तिकडे केले आहेत. त्यांनी सांगितलेलं पार्टिशनच्या आतच राहायला हवं.)

सरळ उत्तर आधी देऊन टाकते. नाही लागत. पण नुसत्या ‘नाही’वर कुणाचं समाधान होत नाही, आणि व्हावंच असंही नाही.

परमा, म्हणजे गोनोरिया. त्याचा जंतू किती नाजूक, हे प्रयोगशाळेतल्या टेक्निशियन ताईंकडून ऐकावं. तो वाढवायचा तर रक्त तापवून केलेलं तपकिरी माध्यम लागतं (त्याला चॉकलेट अगार म्हणतात, चॉकलेटचा कणही नसतो त्यात), अंगाइतकी ऊब लागते, भोवतालच्या हवेत नेहमीपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड लागतो. घेतलेला नमुना वाळला की खेळ खलास. १९७९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये गिलबॉ आणि फुक्स या दोन अमेरिकन डॉक्टरांनी नेमका हाच प्रश्न धसाला लावला. लेखाचं नावच ‘गोनोकोकस आणि टॉयलेट सीट’. पूमिश्रित स्राव त्यांनी मुद्दाम सीटवर आणि टॉयलेट पेपरवर लावला, तेव्हा त्यात जंतू दोन-तीन तासांपर्यंत जिवंत सापडला. मग त्यांनी खरोखरच्या सार्वजनिक संडासांतल्या सीटा पुसून तपासल्या. एकीवरही तो मिळाला नाही. डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने नेऊन ठेवला तेव्हाच काय तो तिथं होता.

गर्मीचा, म्हणजे सिफिलिसचा जंतू तर याहून नखरेल. १९०५ साली बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी तो शोधला. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं जगभरच्या शास्त्रज्ञांना तो काचेच्या बशीत टिकवून वाढवता आला नाही. संशोधनासाठी हवा असेल तर सशाच्या अंडकोषात टोचून, या सशातून त्या सशात नेत जिवंत ठेवावा लागे. २०१८ साली ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेने सशाच्याच पेशींच्या संगतीत तो दीर्घकाळ वाढवून दाखवला, तेव्हा त्याची केवढी बातमी झाली. इतक्या लाडाकोडातही जो जगायला तयार नव्हता, तो कुर्डुवाडी स्टेशनच्या संडासात आपली वाट बघत बसेल होय?

एचआयव्हीचा विषाणू शरीराबाहेर पडून वाळला की संसर्ग करायची त्याची ताकद झपाट्याने जाते. क्लॅमिडिया हा संबंधातून लागणारा आणखी एक जंतू, तो पेशीच्या आत शिरल्याशिवाय वाढूच शकत नाही. जांघेतल्या उवांचे पाय केस पकडायला घडलेले असतात, गुळगुळीत प्लॅस्टिकवर त्यांना धड चालताही येत नाही, आणि रक्त मिळालं नाही की दिवस-दोन दिवसांत त्या मरतात.

राहता राहिले तिघं, आणि त्यांच्याबद्दल थोडं जपून बोलावं लागतं. गुप्तांगावर फोड आणणारा हर्पिसचा विषाणू प्रयोगात प्लॅस्टिकवर काही तास जिवंत राहिलेला आहे. ट्रायकोमोनास हा एकपेशीय जीव ओलसर जागी थोडा वेळ तग धरतो, जुन्या अभ्यासांत तो सीटवर जिवंत सापडलाही आहे. आणि एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचा विषाणू, तिघांत चिवट, कारण त्याला चरबीचं वेष्टण नसतं, त्यामुळे वाळणं आणि अल्कोहोल दोन्ही तो बऱ्यापैकी सोसतो. पण पृष्ठभागावर सापडणं वेगळं आणि तिथून माणसाला लागणं वेगळं. तिघंही पसरतात ते अंगाला अंग लागून, संबंधातून. ज्यांना एचपीव्हीची धास्ती आहे त्यांनी सीटवर स्प्रे मारण्यापेक्षा मुलीला लस द्यावी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक २०२३ पासून आपल्याकडे आहे.

शिवाय साधा भूमितीचा प्रश्न. सीटला टेकतं काय? मांड्या आणि ढुंगण. तिथली कातडी जाड, कोरडी, सलग. हे आजार धरतात ते ओल्या, नाजूक त्वचेवर : योनिमार्ग, मूत्रमार्ग, गुदद्वार, तोंड. नीट बसलेल्या माणसाचा यातला कुठला भाग सीटला लागतो, ते मला कुणी अजून दाखवून दिलेलं नाही.

संडासातून आजार येतच नाहीत असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. जुलाब, आव, कावीळ, उलट्या हे सगळं येतं, पण ते हाताला लागून तोंडावाटे येतं. कडी, नळ, मगाचा कान. मी स्वतः पाहिलंय, बाई पर्समधून छोटी बाटली काढते, सीटवर फवारते, टिश्यू अंथरते, आणि बाहेर येताना त्याच बोटांनी कडी काढून मोबाइल कानाला लावते. बेसिनवर साबण नसतो, ही तक्रार मात्र ती करत नाही. साबणाविना तिचं काही अडत नाही.

आता यातली खरी गंमत. आमच्या भागात सार्वजनिक संडासाला सीट असतेच कुठे? पाय ठेवायला दोन ठोकळे आणि मधे भांडं. अंगाचा कुठलाही भाग कशालाही टेकत नाही. तरी संडासातून लागल्याची खात्री तेवढीच पक्की. मग कारण बदलतं. सीट नाही तर शिंतोडा. शिंतोडा नाही तर ‘गर्मीवाल्याच्या लघवीवर लघवी झाली’. एक आजोबा मला अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले होते, “पोरी, झाडाखाली कोण बसून गेलंय त्ये बघून बसावं मानसानं.” सीट नव्हती, संडासही नव्हता, झाड होतं, आणि आळ झाडावर गेला होता.

तिथं मला हे उमगायला लागलं. जंतू कसा पोचला याचं कोडं कुणाला पडलेलं नसतं, घरातलं नाव न घेता निभावून न्यायचं असतं. आजार घरात आला म्हणजे कुणीतरी आणला. नवऱ्याचं नाव घ्यायची सोय नाही. बायकोचं घेतलं तर घर मोडतं. जावयाचं घेतलं तर दोन घरं मोडतात. संडासाला सोयरे नाहीत, वकील नाही, अब्रू तर मुळीच नाही. त्याच्या माथी मारलं की सगळे सुटले.

ही पळवाट नुसती भोळी असती तर मी एवढं लिहिलं नसतं. तिची किंमत कुणीतरी मोजतं. सगळ्यात भयंकर हिशेब अमेरिकेतला आहे.

१८७९ साली आल्बर्ट नायसरने गोनोरियाचा जंतू ओळखला. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करता यायला लागलं, आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांपुढे नको ती गोष्ट येऊन उभी राहिली. लहान लहान मुलींना हा आजार होता. लिन सॅको या इतिहासकार बाईंनी त्या काळच्या नोंदी चाळून हे सगळं मांडलं आहे. गरिबांच्या, परदेशातून आलेल्यांच्या, काळ्यांच्या मुलींत आजार सापडत होता तोवर डॉक्टरांना विशेष काही वाटलं नाही. ‘त्या लोकांत’ हे चालतंच, असा समज. तपासण्या वाढल्या तशा गोऱ्या, खात्यापित्या, प्रतिष्ठित घरच्या मुलीही निघायला लागल्या. काही घरांत बापालाही तोच आजार. समोर दिसत होतं ते कागदावर उतरवायची कुणाची छाती होईना. मग टॉवेलवर संशय आला, चादरीवर आला, आणि फिरत फिरत शाळेच्या संडासातल्या सीटवर येऊन थांबला. लहान मुलींची त्वचा नाजूक असते, तिथं हा जंतू पटकन धरतो, हे खरंच आहे. त्या खऱ्याच्या आधाराने बाकीचं उभं केलं गेलं. शाळांमध्ये पुढून उघड्या, नालाच्या आकाराच्या सीटा बसवाव्यात असं डॉक्टर सुचवू लागले. विचार करा, किती माणसं, किती बैठका, किती सुतारकाम, आणि सगळं कशासाठी, तर घरातल्या एका पुरुषाकडे बघायला लागू नये म्हणून. पुढे १९४० च्या दशकात पेनिसिलिन मिळू लागलं, मुली बऱ्या व्हायला लागल्या आणि विचारायची निकड संपली. जंतू मेला, पण मुलगी रोज त्याच घरात जात राहिली.

आज बालरोगतज्ज्ञांची भूमिका स्वच्छ आहे. बाळंतपणात आईकडून होणारा संसर्ग वगळला, तर लहान मुलात गोनोरिया सापडणं म्हणजे लैंगिक अत्याचार झाला असं धरूनच पुढे जायचं. आपल्याकडे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याने अशी शंका आली तरी कळवणं प्रत्येकावर बंधनकारक केलं आहे, डॉक्टरवर आणि माझ्यासारखीवरही. तरी ‘शाळेचं टॉयलेट घाण असतं हो’ हे वाक्य मी ऐकलेलं आहे. आठ वर्षांच्या पोरीच्या बाबतीत ऐकलेलं आहे. याहून जास्त त्याबद्दल लिहिणार नाही.

दुसरी किंमत रोजची आहे, आणि ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिला कुणी किंमत म्हणतच नाही. सीटच्या आणि भांड्याच्या भीतीने बायका लघवी दाबतात. पुण्याला जायचं असलं की सकाळपासून पाणी बंद. शिक्षिका, कंडक्टर, बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या, बंदोबस्तावरच्या पोलीस बायका, सगळ्यांचं वेळापत्रक पाण्यावर नाही, संडासावर चालतं. मग उन्हाळी लागते, जळजळ होते, थेंब थेंब होतं, ताप येतो. आणि तेव्हाही दोष कुणाचा? ‘त्या स्टँडवर गेले होते ना परवा!’ मूत्रमार्गाच्या संसर्गाचा नेहमीचा गुन्हेगार ई. कोलाय नावाचा जंतू, आणि तो बहुतेक वेळा ज्याच्या त्याच्या आतड्यातलाच असतो. स्टँडवर गेल्याने झालं नाही, बाई, स्टँडवर न गेल्याने झालं, हे मी घसा कोरडा होईस्तोवर सांगितलंय.

जिथं कमोड असतो तिथं आणखी एक कसरत. सीटला न टेकता अधांतरी, गुडघे थरथरवत उभं-बसं राहायचं. ब्रिटनमध्ये १९९१ साली स्त्रीरोगांच्या ओपीडीतल्या बायकांना विचारलं तर त्यातल्या ८५ टक्के सार्वजनिक संडासात अशाच अधांतरी बसत. मोजून पाहिलं तेव्हा लघवीची धार सरासरी २१ टक्के मंद निघाली आणि मूत्राशयात मागे राहणारी लघवीही बरीच वाढली. उकिडवं बसणं वेगळं, त्यात अंग सैल असतं. अधांतरी राहणाऱ्या बाईचं सगळं अंग आवळलेलं. ज्या आजाराला भ्यायची ती कसरत, तो तिथं नसतोच. जो होऊ शकतो त्याला मात्र साठून राहिलेल्या लघवीने दार उघडतं.

भीती खोटी म्हणून संडास चांगले ठरत नाहीत, हेही लगेच सांगायला हवं. कडी नाही, पाणी नाही, दिवा नाही, पॅड टाकायला डबा नाही, दाराशी पैसे मागायला मात्र माणूस हजर. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, यावर मुंबईत ‘राइट टू पी’वाल्या कार्यकर्त्यांनी २०११ पासून रान उठवलं. ‘मिळून साऱ्याजणी’ या पुण्याच्या मासिकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ च्या डिसेंबरात महिलांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं बांधा म्हणून महापालिकांना सविस्तर आदेश दिले. या लढाईतल्या बायकांचं मला कौतुक यासाठी वाटतं की त्यांनी गुप्तरोगाचा बागुलबुवा उभा केला नाही. लघवी लागते, जागा द्या, एवढंच म्हणाल्या.

तिसरी किंमत आमच्या टेबलावरच वसूल व्हायची.

सुरक्षा क्लिनिकमध्ये औषधांच्या पुड्या रंगांनी ओळखल्या जातात. राखाडी, हिरवी, पांढरी, निळी, लाल, पिवळी, काळी. लक्षणं बघायची आणि त्या रंगाची पुडी द्यायची. सगळ्यात जास्त ओढ हिरवीला, कारण अंगावर पांढरं जातंय ही बायकांची नेहमीची तक्रार. यातल्या कित्येकींना लैंगिक संसर्ग नसतोच. बुरशी असते, किंवा योनीतल्या जंतूंचा तोल बिघडलेला असतो, किंवा काहीच नसतं, पाळीच्या चक्रात तसं जातंच. पण अशी बाई ‘संडासातून लागलं’ म्हणून आली की मला दोन्हीकडून सोडवणूक करावी लागे : संडासातून लागलं नाही, आणि तुम्हाला वाटतंय ते हे नाहीच. दुसरं ऐकल्यावर काहींचा चेहरा असा सैल व्हायचा की त्या गेले कित्येक महिने नवऱ्याकडे कुठल्या नजरेने बघत असतील, ते कळायचं.

आणि जिथं खरोखर संसर्ग असे तिथं? गावातले एक डॉक्टर, भला माणूस, सरळ सांगून टाकायचे, “बाहेरच्या टॉयलेटमधून आलं असेल, गोळ्या घ्या.” संसार वाचवल्याचं समाधान त्यांना. गोळ्या फक्त बायको घेई. नवरा तसाच. दोन महिन्यांनी ती पुन्हा त्याच तक्रारीसह हजर, आणि आता तिचा संडासावरचा विश्वास दुप्पट.

संसार वाचवायला खोटं लागतं हेच मला पटत नाही. खरं पुरेसं दयाळू असतं, फक्त पूर्ण सांगावं लागतं. कुणाकडून आलं हे दाखवणारं यंत्र आमच्याकडे नाही. कधी आलं तेही बहुतेकदा सांगता येत नाही. सिफिलिस वर्षानुवर्षं अंगात गप्प बसतो, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास काहीही न दाखवता राहतात, हर्पिस कधी काळी लागून आज उमटू शकतो. लग्नाआधीचं लग्नानंतर कळू शकतं. आज सापडलं म्हणजे काल कुणी कुठं गेलं होतं असं नाही. मी एवढं सांगून थांबायची. पुढचं नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायचं, किंवा न बोलायचं. गोळ्या मात्र दोघांनी घ्यायच्या, यावर तडजोड नाही.

गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत सिफिलिसचीही तपासणी होते. तिथून एक बावीसेक वर्षांची मुलगी आमच्याकडे पाठवली होती. तपासणी रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आजाराची खूण दिसलेली, दुसऱ्या तपासणीनेही शिक्कामोर्तब झालेलं. तिला त्रास काहीच नव्हता. आजार नावालाही ठाऊक नव्हता. सोबत सासू, आणि बाहेर व्हरांड्यात नवरा, तो ट्रकवर ड्रायव्हर. मुलीला एकटीला सगळं सांगून झालं. तिनेच म्हटलं, आत्यांनाही बोलवा, मला घरी जाऊन हे सांगता यायचं नाही.

सासूबाई बसल्या बसल्या म्हणाल्या, “आमच्या वाड्यात संडास समाईक हाय. धा घरची मानसं. तितनंच लागलं आसंल.”

मी नाही म्हटलं. सांगितलं, औषध नाही घेतलं तर पोट पडू शकतं, मूल दगावू शकतं, जगलं तरी आजार घेऊन येऊ शकतं. पेनिसिलिनचं इंजेक्शन आहे, स्वस्त आहे, आठवड्याला एक अशी तीन घ्यायची. जोडीदाराची तपासणी करायची, त्यालाही द्यायची. नाहीतर हिला दिलेलं पाण्यात.

सासूबाईंनी सुनेकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पार्टिशनकडे. बाई हिशेबाच्या पक्क्या होत्या.

“म्हंजे संडासाला सुई टोचून भागत न्हाई,” त्या म्हणाल्या, आणि बसल्या जागेवरून व्हरांड्याच्या दिशेने अशी हाक मारली की शेजारच्या क्षयरोगाच्या खोलीतले लोकही उठून उभे राहिले.

तो आला. तपासणी झाली, त्याचीही रिअ‍ॅक्टिव्ह निघाली. माझ्यासमोर त्याने ढाब्यावरच्या संडासाचं सुरू केलं होतं, आईने एक नजर टाकल्यावर ते अर्ध्यातच राहिलं. सिस्टरांनी समजावलं, चोवीस लाख युनिटांचं इंजेक्शन, ढुंगणावर, अर्धं या बाजूला, अर्धं त्या बाजूला.

“बसाय येईल का पण?” त्याने विचारलं. रात्री माल भरून हैदराबादला निघायचं होतं.

“दोन दिवस दुखेल,” सिस्टर म्हणाल्या. “पुढच्या मंगळवारी दुसरं. कार्ड घेऊन या.”